तांब्याच्या पत्र्यावर केल्टिक वळणं

केल्टिक, म्हणजे प्राचीन युरोपातल्या केल्ट लोकांची नक्षी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकमेकांत गुंतलेल्या गाठी येतात. नेटवर मिळणाऱ्या तयार डिझाइनमध्येही त्याच असतात, आणि लेझर कटिंगवाल्याला फाइल दिली की तासाभरात पत्र्यातून कापून हातात येतात. पण या गाठी प्राचीन केल्टिक धातुकामातल्या नव्हेत. त्या आयर्लंड आणि ब्रिटनमधल्या ख्रिस्ती मठांच्या काळातल्या, म्हणजे इसवी सनाच्या सातव्या-आठव्या शतकातल्या. १८५० मध्ये आयर्लंडच्या बेटिस्टाउनला सापडलेला प्रसिद्ध ‘तारा ब्रोच’ (वस्त्राला लावायची नक्षीदार पिन) त्याच काळातला. काम अप्रतिम आहे, पण त्याची भाषा वेगळी आहे.

त्याच्या हजारेक वर्षं आधीची जी शैली आहे, तिला स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल सरोवराकाठच्या ला तेन या ठिकाणाचं नाव मिळालं आहे. इसवी सनापूर्वी साधारण ४५० पासून पुढे. तिच्यात गाठी नाहीत. तिच्यात आहेत बारीक सुरू होऊन रुंद होत जाणारी वळणं, तुतारीसारखी उघडणारी टोकं, तीन पायांची फिरती आकृती, आणि या सगळ्यांच्या मध्ये मुद्दाम मोकळी सोडलेली जागा. लंडनच्या थेम्स नदीत १८५७ मध्ये मिळालेली बॅटरसी ढाल हा तिचा उत्तम नमुना. उंची सुमारे ७८ सेंटिमीटर. खरं तर ती पूर्ण ढाल नाही, लाकडी ढालीवर चढवलेलं ब्राँझच्या पातळ पत्र्यांचं आवरण आहे. तिच्यावर तांबड्या काचेची २७ बटणं आहेत आणि त्या बटणांत ब्राँझच्या रेषांनी स्वस्तिक काढलेलं आहे. आपल्याला ओळखीचं चिन्ह तिथे पाहून आनंद होतो, पण त्यावरून नातं जोडायची घाई करू नये.

तांब्याच्या पत्र्यावर ठोकून असं उठावाचं काम करायला घेणाऱ्याने दोन गोष्टी धरून ठेवाव्यात असं मला मनापासून वाटतं. एक, ही वळणं हाताने सहज काढल्यासारखी दिसली तरी ती कंपासची आहेत. आयर्लंडमधल्या लॉक्रू इथे हाडाच्या चपट्या पट्ट्या सापडल्या आहेत, त्यांतल्या काहींवर कंपासने काढलेली नक्षी आहे. दुसरी, उठावाचा माथा गोल नसतो. त्यावर एक धार असते आणि ती धार वळणाबरोबर सरकत जाते. या दोन गोष्टी सुटल्या की उरतो तो भेटवस्तूंच्या दुकानातला ठोकळेबाज गोल.

इथे २० सेंटिमीटर व्यासाची गोल तबकडी घेऊ. बॅटरसी ढालीवरच्या गोलांचा धागा धरून, पण नक्कल नव्हे.

आधी कागद. २०० मिमी व्यासाचं वर्तुळ काढा. काठाला १६ मिमी सोडून आत ८४ मिमी त्रिज्येचं दुसरं वर्तुळ. आता त्यात एकमेकांना आणि बाहेरच्या वर्तुळालाही टेकणारी तीन सारखी वर्तुळं बसवायची. त्यांची त्रिज्या मोठ्या त्रिज्येच्या ०.४६४ पट येते, म्हणजे ३९ मिमी. तिघांचे केंद्रबिंदू तबकडीच्या मध्यापासून ४५ मिमी अंतरावर, १२० अंशांनी. या तिघांच्या मधोमध एक छोटं वर्तुळ उरतं, बरोबर ६ मिमी त्रिज्येचं, तिघांनाही टेकलेलं. ती मधली गुंडी.

आता तुतारी. प्रत्येक ३९ च्या वर्तुळात ३१ मिमी त्रिज्येचं वर्तुळ असं काढा की ते तबकडीच्या मध्याकडच्या बिंदूवर मोठ्याला आतून टेकेल. त्याचं केंद्र ८ मिमी मध्याकडे सरकतं, म्हणजे मध्यापासून ३७ मिमी. दोन वर्तुळांमधली जागा टेकण्याच्या बिंदूवर शून्य असते आणि समोरच्या टोकाला, तबकडीच्या काठाशी, १६ मिमी होते. या चंद्रकोरीचा अर्धाच भाग ठेवायचा. मध्यापासून निघून घड्याळाच्या दिशेने काठापर्यंत जाणारा. दुसरा अर्धा सपाट सोडायचा. तिन्ही वर्तुळांत एकाच दिशेचा अर्धा ठेवला की आकृती फिरू लागते. एक जरी उलटा झाला तर ती जागच्या जागी अडते, आणि ही चूक पत्र्यावर रेघ पडल्यावरच लक्षात येते. म्हणून ठेवायचे भाग कागदावर पेन्सिलीने आधी भरून टाका. तुतारीचं रुंद तोंड बदामाच्या आकाराने बंद करायचं: १६ मिमी लांब, ६ मिमी रुंद, दोन्ही कडा १२ मिमी त्रिज्येच्या कमानीने.

मधल्या रिकाम्या जागेत काही भरायचा मोह होतो. भरू नका. इंग्लंडमध्ये सापडलेल्या डेस्बरो आरशाच्या मागे चटईच्या विणीसारख्या बारीक रेघांनी काही जागा भरल्या आहेत, पण तिथेही भरलेलं आणि मोकळं यांचा तोल कंपासनेच ठरवला आहे. पहिल्या कामात मोकळं मोकळंच राहू द्यावं.

पत्रा इंदूरच्या कसेरा बाजारात वजनावर मिळतो. २४ गेजचं तांबं, म्हणजे ०.५६ मिमी, २४ बाय २४ सेंटिमीटरचा तुकडा. तो साधारण २९० ग्रॅम भरतो. मूळ वस्तू ब्राँझच्या, म्हणून काशाचा पत्रा मागावासा वाटेल, पण तो घेऊ नका. त्या ब्राँझमध्ये कथलाचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास असे. आपल्या ताट-वाटीच्या काशात ते बावीस टक्क्यांच्या जवळ असतं, आणि असं कासं थंड असताना ठोकलं की तडकतं. ते लालबुंद असतानाच घडवावं लागतं. पितळ चालतं, पण ते लवकर ताठरतं आणि दुप्पट वेळा तापवावं लागतं. शिवाय त्यात जस्त असल्याने त्यावर मीना (धातूवर वितळवून चढवायची रंगीत काच) नीट धरत नाही. शिकताना तांबंच बरं.

२६ गेजचा आणखी पातळ पत्रा हाताला सोपा वाटतो, पण हिशेब करून पाहा. १६ मिमी रुंदीच्या तुतारीवर ५ मिमी उंचीची धार एका कडेपासून ४ मिमीवर उठवली, तर दोन्ही उतारांची मिळून लांबी १९.४ मिमी होते. पत्रा एकवीस टक्के ताणला जातो आणि ०.५६ चा ०.४६ मिमी उरतो. हे तांब्याला सहज झेपतं. उंची ८ मिमी केली की ताण पंचेचाळीस टक्क्यांच्या पुढे जातो आणि माथ्यावर पत्रा कागदासारखा होऊन फाटतो. उंची ५ मिमीच ठेवा. प्रकाश पकडायला तेवढी पुरते.

ठोकताना पत्र्याला खालून आधार देणारी बैठक राळेची. देवघरातला चांदीचा टाक किंवा गौरीचा मुखवटा मागून पाहिला तर पुढे जिथे फुगवटा आहे तिथे मागे खळगा दिसतो, इथलं तत्त्वही तेच आहे. डेन्मार्कच्या दलदलीत १८९१ मध्ये मिळालेल्या चांदीच्या गुंडेस्ट्रुप हंड्याचे पत्रेही मागे राळेसारखा चिकट थर भरून, पुढून ठस्से आणि छिन्न्यांनी घडवलेले आहेत.

३० सेंटिमीटर व्यासाच्या, ५ सेंटिमीटर खोल लोखंडी परातीसाठी अडीच किलो राळ, अडीच किलो चाळलेली विटेची भुकटी आणि पाव लिटर शेंगदाण्याचं तेल लागतं. राळ इंदूरच्या सियागंज बाजारात मिळते. भुकटी आधी कढईत कोरडी भाजून घ्या. ओल राहिली तर गरम राळेत फेस येऊन ती उतू जाते. राळ पेट घेते, म्हणून गॅसऐवजी विजेच्या शेगडीवर, मंद आचेवर, झाकण हाताशी ठेवून वितळवा. पेटलीच तर झाकण घालून शेगडी बंद करायची, पाणी अजिबात टाकायचं नाही. धूर छातीला बाधतो, दम्याचा त्रास असलेल्याने तर यापासून लांबच राहावं. काम गच्चीवर किंवा उघड्या अंगणात करा. राळ अंगावर पडली तर ओढून काढू नका, हात थंड पाण्याखाली धरा.

तेलाचं प्रमाण ऋतूवर ठरतं, आणि इंदूरच्या हवेत हा फरक मोठा पडतो. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला की पाव लिटर तेलाची राळ शिऱ्यासारखी होते. तेव्हा दीडशे मिलिलिटरच घाला. जानेवारीच्या सकाळी तीच राळ काचेसारखी तडकते, मग तीनशे लागतं. परीक्षा सोपी: थंड राळेवर अंगठ्याचं नख जोराने दाबलं तर खूण उमटावी, पण नख आत रुतू नये. राळ जास्त कडक असली तर पत्रा खाली जाऊ शकत नाही, हातोडी आणि राळ यांच्यात चिरडून पातळ होतो. जास्त नरम असली तर सगळा भाग एकदम खचतो आणि रेघेची कड कधीच धारदार येत नाही. पहिल्यांदा करणाऱ्यांची बहुतेक कामं याच एका गोष्टीने बिघडतात, आणि दोष हाताला दिला जातो.

छिन्न्या विकत घेण्यापेक्षा केलेल्या बऱ्या. लोहामंडीतून ८ मिमीची टूल स्टीलची सळई, ११० मिमीचे तुकडे. चार पुरतात. रेघेची एक, टोक ४ मिमी लांब आणि ०.८ मिमी जाड, कडा गोलावलेल्या. बदामाच्या लहान कमानींसाठी तशीच २ मिमीची. उठावासाठी ८ मिमीची गोल डोक्याची. आणि सपाट, आरशासारखी घासलेली, ६ बाय ५ मिमीची. टोक लाल करून लोहचुंबक चिकटेनासं झालं की किंचित आणखी तापवून तेलात बुडवा, घासून चकचकीत करा, मग मागून हळूहळू ताव द्या. टोकावर गडद पिवळा रंग धावत आला की पाण्यात. रेघेच्या छिन्नीची कड बोथट हवी. कागद कापेल अशी धार असेल तर ती तांबंही कापते, आणि पुढे उठाव देताना त्याच रेघेवर पत्रा उसवतो. हातोडी शंभर ते दीडशे ग्रॅमची, रुंद तोंडाची, बारीक लवचीक दांड्याची.

ठोकण्याआधी पत्रा नरम करायचा. सावलीत तापवा, उन्हात लाली दिसत नाही आणि पत्रा वितळण्यापर्यंत मजल जाते. मंद लाल झाला की पाण्यात सोडा. (पितळ असेल तर लाली पूर्ण जाऊ द्या, मगच पाण्यात, नाहीतर तडे जातात.) काळी पापुद्री काढायला लिटरभर कोमट पाण्यात शंभर ग्रॅम लिंबूसत्व, किंवा चिंचेचं दाट पाणी. दोन्हींत लोखंडी चिमटा बुडवू नका.

कागद पत्र्यावर चिकटवा, रेघांवर हलकेच टोचून खुणा घ्या, कागद काढा. कंपासचं टोक थेट तांब्यावर टेकवलं तर सात केंद्रांची सात भोकं कायमची राहतात. पत्र्याचे चारही कोपरे खाली दुमडा, खालच्या बाजूला तेलाचा पुसट हात फिरवा, राळेचा पृष्ठभाग गॅसच्या टॉर्चने (ज्योतीच्या दिव्याने) मऊ करून पत्रा एका कडेपासून दाबत बसवा, म्हणजे हवा निघून जाईल. बोटाने टकटक केल्यावर कुठे पोकळ आवाज आला तर तो भाग पुन्हा तापवून दाबा. पोकळीवर मारलेला घाव पत्रा फाडतो.

मग पुढून सगळ्या रेघा. छिन्नी किंचित मागे कललेली, टोक पत्र्यावरून न उचलता, लहान-लहान घाव, आणि छिन्नी स्वतःच पुढे सरकत राहते. दर घावाला छिन्नी उचलली की रेघ तुटक-तुटक, टाके घातल्यासारखी दिसते. पत्रा काढा, तापवा, साफ करा, उलटा बसवा. आता मागून गोल डोक्याच्या छिन्नीने तुतारी उठवायची. फक्त मध्यावर मारू नका, रेघेच्या अगदी आतल्या कडेपासून सुरुवात करून सगळी रुंदी सारखी खाली न्या. एका फेरीत दोन मिलिमीटर. नरम तांब्याचा आवाज बद्द येतो, तो खणखणू लागला की थांबायचं आणि पुन्हा तापवायचं. ५ मिमीसाठी तीनदा-चारदा तापवावं लागतं. इथे कंटाळा केला की भेग पडते. बारीक भेग मागून चांदीच्या डाखेने सांधता येते, पण डाखेचा भाग पुढे तांब्यासारखा ताणला जात नाही, म्हणून सांधल्यावर तिथे नुसतं गुळगुळीत करणंच उरतं.

यापुढचं काम मला सगळ्यांत जिव्हाळ्याचं. मागचे खळगे वितळलेल्या राळेने काठोकाठ भरा, गार होऊ द्या, पत्रा सुलटा बसवा. आता समोर तीन गुबगुबीत गोलसर तुताऱ्या आहेत. त्यांवर धारेची रेघ पेन्सिलीने काढायची, आणि ती मधून काढायची नाही. बारीक शेपटीशी ती बाहेरच्या कमानीला चिकटून निघते, वळणाबरोबर हळूहळू आत सरकते, आणि रुंद तोंडाशी पोहोचते तेव्हा आतल्या कडेपासून फक्त ४ मिमीवर असते. मग सपाट छिन्नीने धारेच्या दोन्ही बाजू उतरवायच्या. तोंडाशी बाहेरचा उतार १२ मिमी लांब आणि सौम्य, साधारण तेवीस अंशांचा. आतला उतार ४ मिमीचा, एकदम उभा, पन्नास अंशांचा. दोन उतार असमान असल्यामुळे खिडकीतून तिरपा प्रकाश आला की एक बाजू पूर्ण उजळते आणि दुसरी पूर्ण काळोखात जाते, आणि ती सीमारेषा शेपटीपासून तोंडापर्यंत पळत गेल्यासारखी दिसते. तबकडी हातात थोडी फिरवली की तीनही तुताऱ्यांवर प्रकाश वेगवेगळ्या जागी असतो. धार मधोमध ठेवली तर हे घडत नाही, नुसतं छपराचं आढं तयार होतं.

धारेवर थेट घाव कधीच घालू नये. दोन्ही उतारांवर आळीपाळीने मारत आलं की धार आपोआप मधे वर येते. घाव एकमेकांवर निम्मे चढलेले हवेत. छिन्नीच्या तोंडावर एक ओरखडा असला तरी तो प्रत्येक घावाबरोबर तांब्यावर छापला जातो, म्हणून दर थोड्या वेळाने तिचं तोंड बारीक पॉलिश पेपरवर फिरवा. बदामी तोंड शेवटी, आत किंचित खोलगट. बाहेरच्या काठाला एक रेघ पुरे.

तांबड्या बटणांबद्दल. जुन्या कामात सुरुवातीला भूमध्य समुद्राकडचं पोवळं जडवत, पुढे अपारदर्शक तांबडी काच आली, जिचा रंग काचेतल्या तांब्यामुळेच येतो. आपण शिसं नसलेला अपारदर्शक तांबडा मीना घेऊ. मीना मोठ्या तबकडीवर चढवायच्या भानगडीत पडू नका. एवढा पत्रा भट्टीत वाकतो आणि ठोकून आलेला ताठपणाही जातो. बटणं वेगळी करा. २० गेजच्या तांब्यातून १८ मिमीची चकती, तिच्या कडेला तीन पट्ट्या, ३ मिमी रुंद आणि ८ मिमी लांब. चकती दोन मिलिमीटर खोलगट करा, पट्ट्या खाली वळवा. मीन्याची पूड पाणी निवळेपर्यंत धुवा, नाहीतर रंग मळकट येतो. आधी मागच्या बाजूला थर, मग पुढे दोन पातळ थर. मागे थर नसेल तर गार होताना तांबं आणि काच वेगवेगळी आकसतात आणि पुढचा मीना चिरतो. पण मागचा थर पट्ट्यांच्या मुळाशी पोहोचू देऊ नका, पट्टी दुमडताना तो उडतो. पूड पूर्ण वाळल्यावर आठशे अंशांच्या आसपास दोन-तीन मिनिटं. तांबडा मीना भट्टीतून काढल्यावर काळपट दिसतो, गार होताना रंग परततो. गार झाल्यावरही काळा राहिला तर जास्त भाजला गेला. टॉर्चने करायचं असेल तर ज्योत फक्त खालून, मीन्याला लागू न देता.

तबकडीत ३१ च्या वर्तुळांच्या मध्याभोवती तीन-तीन खाचा पाडा, पट्ट्या आरपार घालून मागे दुमडा. बटण बसल्यावर त्या तबकडीवर एकही घाव पडता कामा नये.

रंगासाठी चुना आणि गंधक. एक भाग चुना, दोन भाग गंधक, वीस भाग पाणी, अर्धा तास उघड्यावर उकळून निवळी घ्या आणि ती वीसपट पाण्यात पातळ करा. सराफ्यातले लोक तयार द्रावणही वापरतात. घाई करून दाट द्रावणात बुडवलं की काळा थर जाड बसतो आणि महिन्याभरात पापुद्र्यासारखा सुटतो. पातळ द्रावणात थोडं-थोडं, मधे स्वच्छ धुवून, चॉकलेटी रंग आला की थांबा. मग ओल्या प्युमिसच्या (हलक्या, सच्छिद्र ज्वालामुखी दगडाच्या) भुकटीने फक्त धारा आणि बाहेरचे लांब उतार उजळा. आतला उभा उतार काळाच राहू द्या. शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्याने, नळाच्या पाण्यातले क्षार तांब्यावर ठिपके सोडतात. कोरडं झाल्यावर किंचित गरम करून मधमाश्यांच्या मेणाचा पातळ हात.

गळ्यातला टॉर्क (तारा पिळून केलेलं जाड कडं) करायचा असेल तर तो वेगळा विषय आहे, पण एक-दोन गोष्टी इथेच सांगतो. इंग्लंडमधल्या स्नेटिशमला १९५० मध्ये नांगरताना मिळालेला मोठा टॉर्क किलोभर वजनाचा आहे: ६४ तारा, आठ-आठ तारांचे आठ पीळ, आणि ते पुन्हा एकत्र पिळलेले. घरी १६ गेजच्या बारा तांब्याच्या तारा, प्रत्येकी ६५ सेंटिमीटर, वजन सुमारे १४५ ग्रॅम. तीन-तीनचे चार पीळ एका दिशेने, मग चारही उलट दिशेने. पिळताना लांबी बरीच घटते, म्हणून तार आखूड घेऊ नका. मधे एकदा तापवलं नाही तर तार ड्रिलच्या जबड्याशी तुटते. टोकांच्या गुंड्या मूळ वस्तूत ओतकामाने केल्याचं मानलं जातं. बैतूलचे भरेवा कारागीर आजही मेणावर ओतकाम करतात, तेव्हा त्या तिकडून करून घेणं सगळ्यांत चांगलं.

तबकडी भिंतीवर लावायची तर मागे सागाची १२ मिमीची फळी द्या आणि खळग्यांत राळ ठेवू नका, उन्हाळ्यात ती पाझरते. ठोकायला तांब्याच्या किंवा पितळी चुका वापरा. लोखंडी चूक पावसाळ्याच्या दमटपणात तांब्याला टेकून गंजते आणि तिचा तांबूस ओघळ थेट काठावर उतरतो.